फुटल्यावर काय?

एका तळहातावर स्तनात बसवायचं मीठपाण्याचं इम्प्लांट आणि दुसऱ्यावर सिलिकॉन जेलचं ठेवलं, की निवड तिथेच झाल्यासारखी वाटते. मीठपाण्याचं बोटाने दाबलं की पाणी पलीकडे पळतं आणि कडेला एखादी बारीक घडी उमटते. जेल दाबाखाली हळूच सरकतं, बोट उचललं की सावकाश मागे येतं; हाताला ते मांसल लागतं. सर्जनच्या टेबलावर बहुतेक निर्णय इथेच होतात, आणि त्यात कुणाची चूक नाही. हाताला मात्र कळतं ते फक्त पहिल्या दिवसाचं. ही वस्तू दहा, पंधरा, कधी वीस वर्षं शरीरात राहणार असते. तेवढ्या काळात कवच थकतं, घडीवर झिजतं आणि कधीतरी फाटतं. म्हणून आत काय भरलंय याचा विचार करताना मला स्पर्श दुय्यम वाटतो. पिशवी फुटली तर आतलं कुठे जाईल, शरीर त्याचं काय करेल, आणि असं घडलंय हे त्या बाईला कळेल का, हे तीन प्रश्न आधी विचारायला हवेत.

एक गैरसमज मात्र सुरुवातीलाच दूर केलेला बरा. मीठपाण्याचं इम्प्लांट म्हणजे सिलिकॉन नसलेलं इम्प्लांट, असं पुष्कळजणी धरून चालतात. तसं नसतं. दोन्हींची बाहेरची पिशवी सिलिकॉन रबराचीच असते. घुमटाकार साचा सिलिकॉनच्या द्रावात पुन्हा पुन्हा बुडवायचा, प्रत्येक थर सुकू द्यायचा, मग भट्टीत पक्का करायचा, अशी ती तयार होते. साचा काढताना मागे राहिलेलं भोक वेगळ्या चकतीने बंद करतात. कवच सिलिकॉनचं नको असेल, तर मीठपाणी हा त्यावरचा उपाय नाही. फरक आहे तो फक्त आतल्या पदार्थाचा.

मीठपाण्याची पिशवी शरीरात जाताना बहुधा रिकामी असते. तिच्यातली हवा ओढून घेतात, तिची गुंडाळी करतात आणि छोट्या छेदातून आत सरकवतात. जागेवर बसली की नळीतून ०.९ टक्के सलाईन भरतात, म्हणजे एका लिटरला ९ ग्रॅम मीठ. रक्तातल्या पाण्याशी या तीव्रतेचा मेळ बसतो, त्यामुळे पाणी आत ओढलं जात नाही की बाहेर खेचलं जात नाही. भरणं बंद नळीमार्गानेच व्हावं लागतं. उघड्या भांड्यात सलाईन ओतून ते सिरिंजने ओढत बसलं तर जंतू आत शिरण्याची वाट मोकळी होते, आणि आत अडकलेल्या जंतूंपर्यंत प्रतिजैविक पोहोचणं कठीण. थोडी हवा राहून गेली तर सुरुवातीचे काही दिवस पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. ती हवा शरीर हळूहळू शोषून घेतं आणि आवाज थांबतो. त्यासाठी घाबरायचं कारण नसतं.

पाणी किती भरायचं, यावर या इम्प्लांटचं अर्धं आयुष्य ठरतं. समजा कंपनीने ३०० ते ३३० सीसी अशी मर्यादा दिली आहे. स्तन मऊ लागावा म्हणून २७० वरच थांबलं, तर वरचा भाग रिकामा पडतो, उभं राहिल्यावर पाणी खाली जातं आणि कवचाला घडी पडते. मग प्रत्येक श्वासाला, हाताच्या प्रत्येक हालचालीला तीच घडी त्याच रेषेवर मुडपते. कागद एकाच जागी शंभरदा मुडपला की तिथेच फाटतो, तसंच इथे होतं. उलट, सुरकुत्या दिसू नयेत म्हणून मर्यादेच्या बऱ्याच वर भरलं तर पिशवी चेंडूसारखी टणक होते आणि कडेला शिंपल्यासारख्या लाटा उठतात. दोन्ही स्तन मुळातच थोडे लहानमोठे असतात (बहुतेक सगळ्यांचेच असतात) तेव्हा मात्र हेच कमीजास्त भरता येणं कामाला येतं: एकीकडे ३०५, दुसरीकडे ३२५. जेलच्या इम्प्लांटमध्ये ही सोय नाही. ते कारखान्यातूनच भरून येतं आणि माप शस्त्रक्रियेआधीच नक्की करावं लागतं.

दुसरी नाजूक जागा म्हणजे झडप. नळी काढली की तिच्या पाकळ्या मिटायला हव्यात आणि वरचं बूच नीट बसायला हवं. तिथे ऊतकाचा एखादा धागा अडकला तर पाणी थेंबाथेंबाने झिरपत राहतं. एकेकाळी काही सर्जन जंतुनाशक म्हणून बीटाडीन पिशवीच्या आत भरत. २००० साली एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, मीठपाण्याच्या इम्प्लांटना रीतसर मान्यता दिली, तेव्हा बीटाडीनचा हा वापर निषिद्ध ठरवला, कारण त्याने कवचाचे थर सुटण्याची भीती होती. आत फक्त निर्जंतुक सलाईन, दुसरं काही नाही, हा नियम तिथून पक्का झाला.

आणि फुटलं तर? स्तन काही तासांत किंवा काही दिवसांत बसतो. पाणी शरीर शोषून घेतं, मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. राहते ती रिकामी पिशवी. आरशात पाहून कळतं, कोणत्याही यंत्राची गरज पडत नाही. हे दिसायला वाईट असतं, मनाला त्याहून वाईट. तरीही या पदार्थाबद्दल मला आदर आहे तो त्याच्या या सरळपणासाठी. रिकामी पिशवी काढायला फार उशीर करू नये. काही आठवडे गेले की भोवतीची जागा आवळते आणि नवीन बसवताना ती पुन्हा मोकळी करावी लागते.

पाण्याची डुचमळ कमी करण्याचे प्रयत्न झाले. २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका रचनेत एकात एक बसणाऱ्या, छिद्रं असलेल्या पडद्यांमुळे पाण्याची धाव अडते, आणि पाण्याची दालनं दोन असतात. कल्पना चांगली होती: स्पर्श जेलच्या थोडा जवळ आणि फुटणं लपत नाही. पण जितके पडदे, जितक्या झडपा, तितक्या बिघडण्याच्या जागा, हेही ध्यानात ठेवायला हवं.

आता जेल. सिलिकॉनच्या लांब साखळ्या प्लॅटिनमच्या मदतीने एकमेकींना अधूनमधून बांधल्या की एक सैल जाळं तयार होतं, आणि त्या जाळ्यात न बांधलेलं सिलिकॉनचं तेल अडकून राहतं. जेल म्हणजे हेच. वजनाने पाहिलं तर त्यातला मोठा भाग हे मोकळं तेलच असतं. गाठी जितक्या दाट, तितकं जेल घट्ट. कमी गाठींचं जेल मधासारखं ओघळतं; मधलं फाटलेल्या जागेतून फुगून बाहेर डोकावतं, पण बहुतांशी एकसंध राहतं; सर्वांत घट्ट जेल सुरीने मधोमध कापलं तरी दोन्ही तुकडे आपापला आकार सांभाळतात. कॅटलॉगमध्ये सगळ्यांवर 'कोहेसिव्ह', म्हणजे एकसंध राहणारं, हा एकच शब्द छापलेला असतो. त्यावर समाधान मानू नये. कितव्या दर्जाची घट्टता, हे विचारावं. नमुना कापून दाखवता येतो, तोही मागावा.

पिशवी न फाटताही जेलमधलं थोडं तेल बाहेर येतं, कारण कवचही सिलिकॉनचं आणि तेलही सिलिकॉनचं. सजातीय पदार्थ एकमेकांत मुरतात. घामेजल्यासारखा हा पाझर असतो. १९७० च्या दशकात स्पर्श मऊ व्हावा म्हणून कवचं पातळ केली गेली आणि जेलही पातळ केलं गेलं. त्या पिढीतली इम्प्लांट खूप पाझरली, आणि खूप फुटलीही. पुढच्या पिढीत कवचाच्या थरांमध्ये वेगळ्या जातीच्या सिलिकॉनचा अडसर घातला, ज्यात तेल सहज मुरत नाही. पाझर त्याने कमी झाला, पूर्ण थांबला नाही. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं एक पातळ वेष्टन विणतं. ते घट्ट आवळलं की स्तन कडक होतो, दुखतो, आकार बिघडतो. हे आवळणं मोजायच्या बेकरच्या श्रेणीत १ म्हणजे नैसर्गिक मऊ, ४ म्हणजे कडक, विद्रूप आणि दुखरा. जुन्या पाझरत्या जेलमध्ये हा त्रास मीठपाण्यापेक्षा जास्त दिसे. मात्र सगळा दोष तेलावर टाकता येत नाही. कवचावर जंतूंचा पातळ थर बसणं, भोवती रक्त साचणं, जागा स्नायूखाली की वर, हेही त्यात मोजावं लागतं.

सर्वांत घट्ट जेलची एक किंमत आहे आणि ती उशिरा लक्षात आली. आकार धरून राहणारं जेल असल्यामुळे थेंबाच्या आकाराची इम्प्लांट करता आली: खाली भरीव, वर निमुळती. गोल इम्प्लांट आत फिरलं तरी कुणाला कळत नाही, थेंबाचं फिरलं तर स्तन वाकडा दिसतो. ते फिरू नये म्हणून कवच खरबरीत केलं गेलं. आणि याच खरबरीत कवचाशी एक दुर्मिळ लसिकापेशींचा कर्करोग जोडलेला आढळला, ज्याला बीआयए-एएलसीएल म्हणतात. जुलै २०१९ मध्ये एफडीएच्या सांगण्यावरून अ‍ॅलर्गनने आपली बायोसेल नावाच्या खरबरीत कवचाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. हा आजार कवचाच्या पृष्ठभागाशी बांधलेला आहे. आत मीठपाणी असो की जेल. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी एक स्तन अचानक सुजला आणि इम्प्लांटभोवती पाणी साचलं, तर ते पाणी सुईने काढून या कर्करोगाच्या पेशींवर सापडणाऱ्या सीडी३० या खुणेसाठी तपासायलाच हवं. नुसतं काढून फेकून देऊ नये.

घट्ट जेलला छेदही मोठा लागतो. मीठपाण्याची गुंडाळी साधारण अडीच-तीन सेंटिमीटरमधून जाते, तर घट्ट जेलसाठी पाच किंवा त्याहून जास्त लागतात. लहान व्रणाच्या हट्टापायी ते अरुंद छेदातून रेटलं तर आतलं जेलच तडकतं. कवच शाबूत, पण आत भेग. ती पुन्हा सांधत नाही आणि बाहेरून खळगा दिसतो. दोन सेंटिमीटर व्रण वाचवण्यासाठी ही जोखीम घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

जेलची खरी अडचण मात्र त्याच्या गप्प राहण्यात आहे. कवच फाटलं तरी जेल बहुधा शरीराने विणलेल्या वेष्टनातच राहतं. आकार तोच, स्पर्श जवळपास तोच, दुखणं नाही. बाईला कळत नाही, आणि नुसत्या हाताने तपासून सर्जनलाही बहुतेक वेळा कळत नाही. एमआरआयमध्ये कोसळलेलं कवच जेलमध्ये वळ्या पडलेल्या दोऱ्यासारखं तरंगताना दिसतं. जेल वेष्टनाबाहेर गेलं असेल तर सोनोग्राफीत तिथे हिमवादळासारखा पांढरा धुरळा दिसतो आणि त्यामागचं सगळं पुसलं जातं. काखेतल्या गाठींमध्ये सिलिकॉन साचलं तर त्या हाताला लागतात आणि कर्करोगाची शंका येते. कधीकधी फक्त ती शंका फेडण्यासाठी गाठ काढावी लागते. एफडीएचा २०२० पासूनचा सल्ला असा, की जेलचं इम्प्लांट असेल तर काही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी, आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. इम्प्लांटच्या खर्चाचा हिशेब करताना पुढच्या वीस वर्षांच्या या तपासण्या त्यात धरायलाच हव्यात.

जेलने एवढं स्थान सहज मिळवलं नाही. १९६२ मध्ये टेक्ससमधल्या ह्यूस्टनला थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी पहिलं सिलिकॉन जेल इम्प्लांट बसवलं. रक्ताच्या प्लॅस्टिक पिशवीचा हाताला लागलेला मऊपणा हे त्या कल्पनेचं मूळ, असं सांगतात. तीस वर्षं ते सर्रास वापरलं गेलं, आणि मग जानेवारी १९९२ मध्ये एफडीएने वापर थांबवायला सांगितला, कारण सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा कंपन्यांनी दिलेला नव्हता. त्यानंतर अमेरिकेत ते मुख्यतः पुनर्रचनेसाठी (काढलेला स्तन पुन्हा घडवण्यासाठी) आणि अभ्यासाच्या चौकटीतच मिळत राहिलं. १९९९ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने पुरावा तपासून सांगितलं, की इम्प्लांटमुळे संधिवातासारखे सर्वांगाचे आजार होतात असं सिद्ध होत नाही. फुटणं, आवळणं, पुन्हा शस्त्रक्रिया हे स्थानिक त्रास मात्र खरे आणि वारंवार होणारे आहेत. नोव्हेंबर २००६ मध्ये जेलला पुन्हा मान्यता मिळाली. आकार वाढवण्यासाठी जेलला किमान वय २२ ठेवलं, मीठपाण्याला १८. २०२१ पासून तिथे प्रत्येक इम्प्लांटवर चौकटीतला इशारा आणि शस्त्रक्रियेआधी वाचून सही करायची यादी सक्तीची आहे. थकवा, सांधेदुखी, विस्मरण अशी लक्षणं सांगणाऱ्या स्त्रियांचा उल्लेखही त्या इशाऱ्यात आहे. त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं पाहिजे. कारण नेमकं सापडलेलं नसलं तरी त्रास खोटा ठरत नाही.

जेल आणि मीठपाणी हे दोनच का उरले, हे जे टिकले नाहीत त्यांच्याकडे पाहिल्यावर कळतं. पिशवीच नसण्याचा काळ सर्वांत भयंकर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅराफिन टोचलं गेलं, विसाव्या शतकाच्या मध्यावर द्रवरूप सिलिकॉन. ऊतकात विखुरलेला पदार्थ पुन्हा गोळा करता येत नाही. गाठी, जखमा, आणि शेवटी काही जणींना स्तनच गमवावा लागला. 'शस्त्रक्रियेशिवाय, फक्त इंजेक्शनने' कुणी कृत्रिम जेल स्तनात भरून देत असेल तर तिथून उठून यावं.

सोयाबीन तेलाची कथा मला सर्वांत बोलकी वाटते. सिलिकॉन क्ष-किरण अडवतं, त्यामुळे मॅमोग्राफीत इम्प्लांटमागचा भाग झाकला जातो. वनस्पती तेल क्ष-किरण जाऊ देतं आणि फुटलं तर शरीर ते चरबीसारखं पचवेल, असा तर्क होता. तर्क ऐकायला निर्दोष. १९९५ मध्ये ट्रायल्यूसेंट नावाने ही इम्प्लांट ब्रिटनमध्ये आली. पण तेल शरीराच्या उष्णतेत वर्षानुवर्षं राहिलं की खवट होतं. त्यातून आल्डिहाइडसारखे पदार्थ सुटतात, आणि पेशींच्या जनुकद्रव्याला त्यांच्यापासून धोका असू शकतो. मार्च १९९९ मध्ये ती बाजारातून मागे घेतली गेली आणि जून २००० मध्ये सुमारे ५,००० ब्रिटिश स्त्रियांना ती काढून घेण्याचा, आणि तोवर गर्भधारणा व स्तनपान टाळण्याचा सल्ला देण्यात आला. फुटल्यावर काय होईल याचं उत्तर तयार होतं. आत पडून राहिल्यावर काय होईल याचं नव्हतं.

हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारं जेल, फुटलं तर निरुपद्रवी विरघळेल असं वाटत होतं. पण त्याची पाण्याची ओढ रक्तापेक्षा जास्त ठरली आणि काही इम्प्लांट शरीरातलं पाणी ओढून फुगत गेली. डिसेंबर २००० मध्ये ब्रिटनमध्ये असे दोन प्रकार अपुऱ्या सुरक्षा-तपासणीमुळे मागे घेतले गेले. पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांचं इम्प्लांट तर भोवती सतत द्रव साचवून वाढतच राही.

आणि पदार्थ कागदावर योग्य असूनही पिशवीत दुसराच असेल तर? फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने मान्यताप्राप्त वैद्यकीय जेलऐवजी औद्योगिक वापराचं स्वस्त सिलिकॉन भरलं. मार्च २०१० मध्ये ते उघड झालं आणि विक्री थांबली. डिसेंबर २०११ मध्ये फ्रेंच सरकारने सुमारे ३०,००० स्त्रियांना ही इम्प्लांट काढून घ्यायला सांगितलं, आणि दोन वर्षांनी संस्थापक ज्याँ-क्लोद मास यांना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या जेलमध्ये लहान साखळ्यांचे सिलॉक्सेन (सिलिकॉनचे छोटे रेणू) जास्त होते, ती इम्प्लांट फुटतही लवकर होती, आणि फुटल्यावर भोवतालचं ऊतक जास्त चिडत होतं.

कुणासाठी काय, याचं उत्तर बरंचसं त्वचेच्या जाडीत आहे. वरच्या भागात चिमटीत दोन सेंटिमीटर ऊतक येत असेल तर मीठपाण्याच्या सुरकुत्या सहसा झाकल्या जातात. कर्करोगासाठी स्तन काढलेला असेल तर वर फक्त पातळ त्वचा उरते, आणि तिथे पाण्याची प्रत्येक लाट दिसते. पुनर्रचनेत शेवटी जेलकडे कल असतो तो यामुळेच. त्याआधी त्वचा ताणण्यासाठी जो एक्सपांडर बसवतात तो मात्र सलाईनचाच, कारण दर आठवड्या-दोन आठवड्यांनी सुईने ५० ते १०० सीसी वाढवत न्यायचं असतं. अनेक एक्सपांडरच्या झडपेत चुंबक असतो. तो आत असताना एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी हे सांगायलाच हवं.

वजनावरून निवड करण्यात अर्थ नाही. सलाईनची घनता पाण्याएवढीच, जेलची सुमारे ०.९७. तीनशे सीसीला फरक जेमतेम दहा ग्रॅमचा. मॅमोग्राफी दोन्हींसोबत करता येते, फक्त इम्प्लांट मागे सरकवून जास्तीचे फोटो घ्यावे लागतात. तंत्रज्ञाला दाब देण्याआधीच सांगावं. स्वतःची चरबी भरणं हा वेगळाच मार्ग आहे. त्यात पिशवी नाही, पण भरलेल्यापैकी साधारण निम्मीच टिकते, आणि मेलेल्या चरबीच्या गाठी पुढे तपासणीत गोंधळ घालतात.

शस्त्रक्रियेनंतर मिळणारं कार्ड जपून ठेवावं, त्याचा फोटो दोन ठिकाणी ठेवावा. त्यावर कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, कवच गुळगुळीत की खरबरीत, आतला पदार्थ, आणि मीठपाणी असेल तर प्रत्येक बाजूला नेमकं किती सीसी भरलं, हे सगळं असायला हवं. नसेल तर डिस्चार्जच्या वेळीच लिहून घ्यावं. पंधरा वर्षांनी सोनोग्राफी करणारा डॉक्टर वेगळा असेल, कदाचित गावही वेगळं असेल. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो, सिलिकॉनमध्ये मात्र १,००० च्या आसपास, त्यामुळे जेलच्या इम्प्लांटमागची छाती पडद्यावर खोल सरकलेली दिसते. आत काय आहे हे माहीत असलेला डॉक्टर त्या खोलीचा अर्थ बरोबर लावतो.